बिरजूच्या बांधीतलं रोम

प्राध्यापकांनी टोपी काढली, खड्ड्याच्या काठावर उभं राहून वैनगंगेच्या दिशेनं हात लांब केला आणि जाहीर केलं, "एकोणीसशे वर्षांपूर्वी रोम इथपर्यंत आलं होतं."

खड्ड्याभोवती जमलेल्या माणसांनी ते ऐकून घेतलं. विद्यार्थ्यांनी लिहून घेतलं. एका पोरीनं त्यांना मोबाइलसमोर तेच पुन्हा बोलायला लावलं, कारण पहिल्या वेळी मध्येच बकरी ओरडली होती. प्राध्यापक दुसऱ्यांदाही तेवढ्याच तळमळीनं म्हणाले की रोम इथपर्यंत आलं होतं.

बिरजू मडावी तेव्हा खड्ड्यात गुडघ्यांवर बसून दात घासायच्या ब्रशनं एक वीट झाडत होता. खड्डा त्याच्याच धानाच्या बांधीत होता आणि त्याच खड्ड्यावर तो मजूर होता. त्यानं वर न बघता विचारलं,

"आलं तं आलं, सर. पण जाईन कवा? मिरुग लागून राह्यला."

हे कुणी लिहून घेतलं नाही.

मुरमटोल्यात मडाव्यांच्या तीन बांध्या होत्या, उतारावर एकीखाली एक. वरची सगळ्यात मोठी. पावसाचं पाणी आधी तिच्यात साचायचं, तिथून मधलीत, मधलीतून खालचीत. वरची भरली की तिन्ही भरल्या. अशी सोय बिरजूच्या आज्यानं करून ठेवली होती, आणि त्यात सुधारणा करायला पुढच्या दोन पिढ्यांना काही सुचलं नव्हतं.

त्या वरच्या बांधीला एक खोड होती. ज्या साली पाऊस मध्येच दडी मारायचा, त्या साली तिच्यातलं धान इतरांसारखं ठिकठिकाणी वाळायचं नाही, सरळ रेषेत वाळायचं. एक पिवळी रेघ आडवी, एक उभी, मग काटकोन, पुन्हा आडवी. कुणी दोरी धरून आखल्यासारखा चौकोन, आणि चौकोनात आणखी लहान चौकोन. बिरजूच्या बापानं त्या रेघांवर शेणखत टाकलं. बिरजूनं युरिया टाकला. रेघांनी दोघांचंही ऐकलं नाही. गेल्या ऑगस्टात पोरगी दीपाली, जी गडचिरोलीला कॉलेजात होती, सुटीत घरी आली आणि राखणीच्या मचाणावर चढून तिनं या रेघांचा फोटो काढला. मैत्रिणींना पाठवला. तो फोटो फिरत फिरत प्राध्यापकांकडे गेला, आणि महाशिवरात्रीची मार्कंड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात प्राध्यापक जीप घेऊन बिरजूच्या अंगणात उतरले. पंधरा दिवसांचं काम आहे म्हणाले.

ते खाली जमिनीवर बसले, बिरजूची बायको सुकरीनं दिलेली आंबील दोनदा मागून प्याले, बिरजूला 'बिरजूभाऊ' म्हणाले. असं बोलणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं ते बिरजूला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांचे साडेतीन महिने झाले.

हातभर खाली विटा लागल्या. एकेक वीट दोन्ही हातांनी उचलावी अशी. मग भिंतीचा कोपरा लागला, कमरेइतक्या खोलीवर चुना कुटून केलेली जमीन लागली, जमिनीवर चूल, चुलीशेजारी अर्धा रांजण, आणि रांजणाच्या बुडाशी जळून कोळसा झालेले तांदूळ. मधे अंगण आणि चारी बाजूंनी खोल्या, असं हे घर असावं, असं सरांनी सांगितलं. रोमकडचे धनवान लोक शेतावर घर बांधायचे त्या धाटणीचं. कुणी व्यापारी तिकडे माल पाठवत असेल आणि तिकडची नक्कल त्यानं इकडे केली असेल. पुरावा म्हणून त्यांनी एका मोठ्या मडक्याचा कान दाखवला. अशा मडक्यांतून रोमची दारू यायची. हे कळल्यावर मात्र अख्खा गाव बघायला आला. दारूचं इतकं जुनं भांडं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तंबू उठले. खड्ड्यावर निळं प्लास्टिक अंथरलं गेलं. चारी कोपऱ्यांत खुंट्या मारून पांढरी दोरी बांधली. एक पाटी उभी राहिली, तिच्यावर हात लावू नये, अन्यथा कायदेशीर कारवाई वगैरे. खड्ड्यातून निघालेल्या मातीचा ढीग बाजूला हत्ती बसल्यासारखा बसला होता, तो तसाच राहिला.

"पत्र येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, बिरजूभाऊ," प्राध्यापक जीपमध्ये बसता बसता म्हणाले.

"पत्रात काय राहीन, सर?"

"ते पत्रात असेल."

जीप गेली. बिरजू दोरीशी उभा राहिला. दोरी गुडघ्याएवढ्या उंचीवर होती, बकरीसुद्धा ओलांडेल अशी. पण तिच्या पलीकडे पाय टाकायचा त्याला धीर होईना.

जूनच्या अठरा तारखेला सुकरीनं घरामागच्या तुकड्यात धानाचे पऱ्हे टाकले. पाऊस बरा होता. सातव्या दिवशी हिरवी लव दिसली, पंधराव्या दिवशी वीतभर झाली. पऱ्ह्यांचं असं असतं की पंचवीस-तीस दिवसांत ते उपटून बांधीत रोवले तर त्यांना फुटवे येतात, आणि त्यापुढे गेले की ते जून होतात आणि मग रोवले काय नि न रोवले काय. सुकरी रोज पहाटे उठून त्यांच्याकडे बघायची. तिच्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या, त्यांना करंजीचं तेल लावत ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसायची.

"वीस झाले जी, एकवीस झाले जी," ती म्हणायची.

"मोजून राह्यलो मी बी," बिरजू म्हणायचा.

वरच्या बांधीत पाणी धरत नव्हतं. पडलेला प्रत्येक पाऊस आधी खड्ड्याकडे जायचा. प्लास्टिक खाली बसलं होतं, त्यावर पाणी साचून डबकं झालं होतं आणि डबक्यात बेडकं रात्रंदिवस बोलत होती. जे पाणी खड्ड्यात जायचं नाही ते मातीच्या ढिगाला वळसा घालून धुऱ्याच्या फुटक्या भागातून नाल्याला जायचं. तो धुरा सरांच्या हातगाड्यांसाठी फोडलेला होता, आणि पाटीच्या हद्दीत येत होता. मधली बांधी कोरडी, खालची कोरडी. आजूबाजूच्या सगळ्यांच्या बांध्या आरशासारख्या चमकत होत्या. बिरजूच्या तीन बांध्यांवर तेवढी ढेकळं.

बाविसाव्या दिवशी रंजीता आली. रंजीता गावातल्या रोवणाऱ्या बायांची पुढारी. वीस-बावीस बाया, रोज एकाचं शेत, सगळ्यांच्या पाळ्या आधीच ठरलेल्या. आमदार आला तरी त्या पाळीत बदल होत नसे.

"बाई, तुमचा बुधवार हाय," ती सुकरीला म्हणाली. "चिखल करून ठेवजा."

"येच्या बुधवारी?"

"नाई तं काय पुढच्या साली? बुधवार चुकला तं मंग तुमचा नंबर सगळ्यांच्या मागं. सोळा-सतरा दिवस जाईन."

"सोळा दिवसांनं पऱ्हे बैलाले टाका लागन."

"मंग बुधवारी चिखल पायजे," रंजीता म्हणाली. मग बिरजूकडे बघून, "काय गा भाऊ, पाव्हणा गेला का नाई अजून तुमच्या बांधीतला?"

"कोणता?"

"थो रोमचा."

बिरजू हसला नाही. सहा दिवस उरले होते, त्यात शनिवार-रविवार सरकारचे.

दुसऱ्या दिवशी तो आणि दीपाली तालुक्याला गेले. तहसील ऑफिससमोर बाबूभाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. बाबूभाई तीस वर्षं त्या जागेवर बसून लोकांचे अर्ज टाइप करत होते आणि ऑफिसातल्या कुठल्या टेबलावर कोण सुटीवर आहे ते ऑफिसच्या आधी त्यांना कळायचं.

"विषय?" बाबूभाईंनी विचारलं.

"खड्डा बुजवा लागते," बिरजू म्हणाला.

"किसने खोदा?"

"मीच खोदला."

"तो आपही बुजा दो ना, भाऊ."

"सरकारसाठी खोदला."

बाबूभाईंनी चष्मा वर केला आणि बिरजूकडे जरा आदरानं पाहिलं. "फिर तो मुश्किल है," म्हणाले. त्यांनी दीड पान अर्ज टाइप केला. त्यात 'सदरहू' सहा वेळा आणि 'विनम्र' चार वेळा आलं. पैसे मात्र घेतले नाहीत. दीपालीला म्हणाले, "बेटा, पोचपावती लिए बिना निकलना मत."

ऑफिसात रोशन नावाचा सहायक होता. पोरगा नम्र होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला, मग बिरजूच्या पायांकडे बघितलं. पायांना चिखल होता आणि फरशी नुकतीच पुसलेली होती. बिरजू दाराबाहेर गेला, चपला काढून, पाय धोतराच्या सोग्यानं पुसून परत आला.

"तुम्ही कोण यातले?"

"बांधी माझी हाय."

"बांधी नका म्हणू, भाऊ. आता साइट म्हणा लागते." रोशननं एक वही उघडली, मिटली, दुसरी उघडली. "हे आमच्याकडं नाई येत. आम्ही फक्त टपाल पुढं पाठवतो. जिल्ह्याले जाईन, तिथून नागपूरले, नागपूरवाले सरांना विचारन, सर लिहून देईन, मग उलटं येईन."

"किती दिवस लागते?"

"लागत नाई जास्त. एखादं येते महिन्याभरात."

"बुधवारी रोवणा हाय जी आमचा."

रोशनला खरंच वाईट वाटलं. त्यानं दोघांना चहा मागवला. बिरजू बाकावर बसला नाही, धोतर ओलं होतं. उभ्यानंच चहा प्याला आणि कप कुठं ठेवायचा ते न कळून हातात धरून राहिला. शेवटी दीपालीनं तो घेऊन खिडकीत ठेवला. पोचपावतीवर शिक्का उमटला, पण शाई संपत आली असल्यानं त्यातलं फक्त 'आवक' वाचता येत होतं.

परतीच्या बसमध्ये दीपालीनं सरांना फोन लावला. सर कुठल्याशा सभेत होते. मागं टाळ्या ऐकू येत होत्या.

"बिरजूभाऊ, एक वर्ष," सर म्हणाले. "फक्त एक वर्ष ती बांधी तशीच राहू द्या. जगाच्या नकाशावर येणार आहे तुमचं गाव."

"सर, खालच्या दोन बांध्याले वरूनच पाणी लागते."

"हो, हो. मी बघतो. पत्राचा पाठपुरावा करतो. हात मात्र लावू नका."

घरी आल्यावर सुकरीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती तांदूळ निवडत होती.

"एक वर्ष म्हणे?"

"हो."

"अन् वर्षभर काय खावाचं थे नाई सांगतलं?"

"टाळ्या वाजून राह्यल्या होत्या. ऐकू नसन गेलं."

सुकरीनं सूप बाजूला ठेवलं. "तुमी बुजवून टाका जी. जे होईन थे होईन."

बिरजूला पाटीची भीती होतीच, पण तेवढीच असती तर त्यानं कदाचित ऐकलं असतं. त्याला दुसरंच काहीतरी खात होतं, आणि ते तो कुणाला सांगायला धजत नव्हता. दोन-तीन महिने त्यानं ती चूल झाडली होती. चुलीच्या एका कडेला मातीत बोटांचे ठसे होते. कुण्या बाईनं ओल्या हातानं सारवलेली कड तशीच वाळून राहिली होती. तीन बोटं स्पष्ट, चौथं पुसट. सुकरी दर आठवड्याला अशीच चूल सारवते आणि कडेला तिचीही बोटं उमटतात. इतकी वर्षं त्या चुलीवरून नांगर फिरवला ते न कळता. आता कळलं होतं. कळल्यावर दुसऱ्याच्या चुलीवर चिखल घालायचा म्हणजे कसं?

शेवटी सोमवारी रात्री जेवताना त्यानं ते सांगितलं. सुकरीचा घास हातातच राहिला.

"अगोदर काऊन नाई सांगतलं? मंग झाडूबाबाले विचारा लागते."

झाडूबाबा आत्राम गावचा भूमक. गोंडी देवांचं म्हणजे पेनांचं, मेलेल्या-गेलेल्यांचं काम त्याच्याकडं. वय त्याला ठाऊक नव्हतं आणि विचारणाऱ्याचं वय तो विचारायचा. मंगळवारी उजाडताच तो काठी टेकत वरच्या बांधीत आला. दोरीजवळ आला, काठीनं ती वर उचलली आणि खालून आत गेला. इतकं सोपं होतं ते. बिरजू त्याच्या मागं गेला.

सुकरीनं आणि दीपालीनं बादल्यांनी डबक्यातलं पाणी उपसलं, बेडकं हाकलली, प्लास्टिक बाजूला केलं. चूल दिसली. झाडूबाबानं वाकून बोटांचे ठसे बघितले.

"कोणाचं घर म्हणते साहेब?"

"व्यापाऱ्याचं," बिरजू म्हणाला. "रोमच्या लोकायशी धंदा करे म्हणते."

"आपल्यातला होता काय?"

"थे नाई सांगतलं."

दीपालीनं विचारलं, "बाबा, थो परदेशाकडचा असन तं त्याले गोंडी समजन काय?"

"जिता असता तं नसती समजली," झाडूबाबा म्हणाला. "मेल्यावर समजते."

त्यानं सुपात तांदूळ घेतले, चुलीसमोर बसला आणि गोंडीत, शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलला. या घरची माणसं इथं राहत होती, आता ही माणसं इथं पोट भरतात, यांना तुमच्या चुलीवर माती टाकायची आहे, चालते का. मग डोळे मिटून चिमूटभर दाणे उचलले आणि जोडीजोडीनं मांडले. जोड्या पुऱ्या लागल्या तर होकार. एक दाणा उरला तर नकार.

एक उरला.

"काऊन नाई म्हणते?" बिरजूनं विचारलं.

"चुलीपुढं चपला घालून उभा हायस."

बिरजूनं चपला काढून काठावर फेकल्या. पुन्हा चिमूट. पुन्हा एक दाणा उरला. झाडूबाबानं थोडा विचार केला आणि म्हणाला की बरोबरच आहे, माती टाकायला आले आणि जेवायला काही आणलं नाही. मग दीपाली घरी जाऊन कोंबडी घेऊन आली. कोंबडी तिच्या हातातून सुटली, ढेकळांतून पळाली, तिच्यामागं बिरजू, त्याच्यामागं सुकरी. शेवटी ती मातीच्या ढिगाआड सापडली. चुलीपुढं कोंबडी झाली, पळसाच्या पानावर मोहाची धार झाली. तिसऱ्या वेळी दाणे जोडीजोडीनं पुरे लागले.

झाडूबाबा उठला. "हो म्हणते. पण चुलीवर सरळ माती नको. आधी तणीस अंथरजा, बाळंतिणीले अंथरते तसं. अन् नवं धान आलं की एक मूठ इथी."

परवानगीला एकूण तास लागला. त्यातला अर्धा कोंबडीमागं धावण्यात गेला.

मग काम सुरू झालं. बिरजूनं घरून तणीस आणली, धानाचा वाळलेला पेंढा, गाईच्या तोंडचा. चुलीवर, रांजणाच्या जागी, भिंतीच्या कोपऱ्यावर जाड थर दिला. सुकरीनं चूल झाकायच्या आधी ठशांवर हात टेकवला होता, तिची बोटं त्यांत बसली की नाही ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मग फावडं, घमेलं, फावडं, घमेलं. ढिगातली माती पावसानं लगदा झाली होती. फावड्याला चिकटायची, झटकली तरी सुटायची नाही. दहा घमेल्यांत बिरजूची पाठ भरून आली. दुपारपर्यंत खड्डा गुडघ्याइतका भरला. शेजारचा देवाजी बघायला आला होता, थोडा वेळ धुऱ्यावर उभा राहून विडी प्याला, मग विडी विझवून त्यानं फावडं उचललं. मागून आणखी चौघं आले. कुणी पाटीचं नाव काढलं नाही. पाटी तशीच उभी होती, तिच्या डोक्यावर कुणीतरी शर्ट वाळत घातला होता.

दिवस कलायच्या आत माती सपाट झाली. धुऱ्याचा फुटका भाग बिरजूनं ढेकळं आणि फांद्या घालून बांधला. नाल्याला गेलेला पाट तोडून त्यानं शेजारच्या बांधीतून पाणी मागून घेतलं. देवाजीनं दिलं. पाणी वरच्या बांधीत पसरायला लागलं, आधी खड्ड्याच्या जागी थोडं खाली बसलं, बुडबुडे आले, आणि मग सारखं होऊन मधलीत, खालचीत उतरलं. खालच्या दोन्हींत देवाजीनं, वरचीत बिरजूनं बैल जुंपले. पोटऱ्यांपर्यंत चिखलात, बैलाच्या शेपटीशी, काळोख पडेपर्यंत तो त्या चौकोनावरून फिरत होता. हातांच्या कातडीला भेगा पडल्या होत्या, त्यांत चिखल जाऊन चरचरत होतं. घरी आला तेव्हा त्याला तोंडापर्यंत हात नेता येईना. सुकरीनं भात कालवून त्याच्यापुढं ठेवला आणि दुसरीकडे बघत बसली, म्हणजे त्याला वाकून मांजरासारखं खाता यावं.

"सत्तावीस झाले," ती म्हणाली.

बुधवारी बाया आल्या. सकाळी पऱ्हे उपटले, मुठी बांधल्या, बांधीत भिरकावल्या. मग रांगेनं वाकल्या आणि मागं मागं सरकत रोवायला लागल्या. बिरजू मुठी पुरवत होता आणि दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे बघत होता. जीप दिसली की त्याचे पाय चिखलातच थांबायचे. जीप पुढं गेली की पुन्हा चालायचे. दिवसभरात तीन जीपगाड्या गेल्या, एक दुधाची, एक लग्नाची, एक कुणाची ते कळलं नाही.

"भाऊ, मूठ इकडं टाका," रंजीता म्हणायची. "रस्त्यावर नाई रोवून राह्यलो आमी."

खड्ड्याची जागा आली तेव्हा बायांच्या रांगेत जरा कुजबुज झाली. रंजीतानं कंबर न उचलता विचारलं, "इथीच काय गा त्याची चूल?"

"इथीच."

"मंग जरा दाट रोवा व," ती बाकीच्यांना म्हणाली. "घरचे हायेत खाली."

चारच्या सुमारास तिन्ही बांध्या संपल्या. रोवणा संपला की या भागात बाया रस्त्यावर येतात, जो येईल त्याला अडवतात, पायाला चिखल लावतात आणि बोजारा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. मग त्या पैशांत चहा, चिवडा काय होईल ते. रस्त्यावर पहिला जो सापडला तो मोटारसायकलवर होता. त्याला खाली उतरवून रंजीतानं त्याच्या पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल फासला. त्यानं मुकाट्यानं पन्नासची नोट काढली आणि म्हणाला, बिरजू मडावींचं घर कुठं आहे.

तो रोशन होता.

बिरजू धुऱ्यावर बसला होता. रोशनला बघून तो उठला नाही, उठता आलं नाही. सुकरी पुढं झाली आणि दोघांच्या मधे उभी राहिली.

"भाऊ, तुमचं पत्र आलं," रोशन म्हणाला. त्यानं बॅगेतून पाकीट काढलं. "आपल्याच ऑफिसात होतं. दुसऱ्या फायलीत लागलं होतं. आज सापडलं तं म्हटलं टपालानं पाठवलं तं अजून पंधरा दिवस जाईन, स्वतः नेऊन देतो."

दीपालीनं पाकीट फोडलं. पत्र अठ्ठावीस मेचं होतं. तिनं मोठ्यानं वाचलं. सदर खड्डा पावसाळा सुरू होण्यापूर्वी बुजवून घ्यावा. अवशेषांवर प्रथम वाळलेल्या गवताचा थर द्यावा, त्यावर उत्खननातील माती टाकून जमीन पूर्ववत सपाट करावी. त्यावर धानासारखे उथळ मुळांचे पीक घेण्यास या कार्यालयाची हरकत नाही.

झाडूबाबा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता.

"तणीसच म्हणून राह्यले ना?" त्यानं खात्री करून घेतली.

"तणीसच, बाबा."

"हं," झाडूबाबा म्हणाला. त्याला नवल वाटलं नव्हतं, सरकारला इतका उशीर का लागला एवढंच त्याला कळत नव्हतं.

बिरजूनं बांधीकडे बघितलं. पऱ्हे वाकलेले होते, पहिल्या दिवशी वाकतातच, दोन दिवसांत मान वर करतील. खांद्यावरचं फडकं त्यानं तोंडावर ओढून घेतलं आणि तसाच बसून राहिला. सुकरी त्याच्या शेजारी बसली. ती पायांच्या बोटांतला चिखल काडीनं काढायला लागली. दिवसभरात पहिल्यांदाच ती निवांत बसली होती.

रोशन धुऱ्याधुऱ्यानं फिरून आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"वा," म्हणाला, "तुम्ही तं आदेशाप्रमाणं काम करूनही टाकलं. असं कुणी करत नाई, भाऊ. मी अहवालात लिहितो." त्यानं मोबाइल काढला, बांधीचा एक फोटो घेतला, पाटीचा एक घेतला. पाटीवरचा शर्ट आधी घडी करून बाजूला ठेवला. मग मोबाइलमध्ये काहीतरी बघत तो थोडा वेळ घोटाळला. मान खाजवली. परत बिरजूजवळ आला आणि चिखलाची पॅन्ट सांभाळत त्याच्या शेजारी उकिडवा बसला.

"भाऊ, एक लहानसं काम होतं," तो अगदी हळू म्हणाला. "याले तीन फोटो लागते. बुजवायच्या आधीचा, बुजवताना, अन् बुजवल्यावर. बुजवल्यावरचा आत्ता काढला. बुजवतानाचा मी बोलतो साहेबांशी, नसला तं चालन. पण आधीचा नाई तं फाइल पुढंच सरकत नाई. तं तेवढा खड्डा एकदा उघडून देता काय? सगळा नाई म्हणत मी. एक कोपरा. आजच पायजे असं बी नाई, उद्या सकाळी करा. फक्त त्यात पाणी दिसलं नाई पायजे."